बुन्युएलोची बारा द्राक्षं

आमच्या कुत्र्यावर माझा जीव वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या तीन जोड चपला त्याच्या पोटात गेल्यात. सासूबाईंचा मात्र तो लाडोबा. तळलेल्या चीजच्या गोळ्यासारखा गोल गरगरीत, म्हणून नाव ठेवलं बुन्युएलो. सासरे गेल्यापासून दोन्या एलव्हिया, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर त्याच्याशीच बोलतात. माझ्याशी बोलायचं ते भाजीत मीठ कमी पडलं की.

एकतीस डिसेंबर, दुपारचे चार. रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची आणि प्रत्येकाला एक मागणं मागायचं, त्यासाठी मी पेले भरत होते. माणसं तीन, पेले तीन. टेबलावर चौथा दिसला, रिकामा.

"आई, हा कुणाचा हो?"

"त्याचा. त्याचं उरकलं." सासूबाई अगदी खुशीत होत्या. "रात्री फटाके सुरू झाले की पलंगाखाली दडी मारतो बिचारा. मग कधी खायची त्यानं? म्हणून आत्ताच भरवली, एकेक करून. घरचाच आहे की तो!"

जनावरांच्या डॉक्टर लिगियाच्या दवाखान्याच्या दारावर परवाच कागद वाचला होता: सणासुदीला कुत्र्यांना काय देऊ नये. चॉकलेट, कांदा, शिजवलेली हाडं आणि द्राक्षं. द्राक्षांनी कधी कोण मेलंय, म्हणून मी तिथंच हसले होते. मूर्ख कुठली!

फोन लावला. डॉक्टरांनी नमस्कारसुद्धा घेतला नाही.

"किती खाल्ली? कधी?"

"बारा. अर्धा तास झाला असेल."

"नक्की बारा?"

"अहो डॉक्टर, आज दुसरा कुठला आकडा असणार!"

"सहा किलोचं कुत्रं आणि बारा द्राक्षं! मूत्रपिंडं जातील त्याची. मीठपाणी पाजू नका, दूध नको, घरचं काहीही नको. निघा आधी."

"पण तो तर शेपटी हलवतोय."

"आज हलवेल. परवा अंग टाकेल. निघा म्हणते ना!"

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "मी... मी माझ्या हातानं घातली गं."

"रडायचं नंतर! उठा!"

माझा नवरा विल्मार गाडी घेऊन डुकराचं मांस आणायला गेलेला. टॅक्सी? आमच्या मानिसालेस शहरात, एकतीस तारखेला? विसरा. आणि बुन्युएलोला उचललं की तो चावतो, खानदानी सवय आहे. दाराशी सासूबाईंची चाकांची बॅग उभी होती. नव्या वर्षात प्रवास घडावा म्हणून मध्यरात्री रिकामी बॅग घेऊन गल्लीला फेरी मारतात ना, ती. तिच्यात चादर टाकली, चादरीवर कुत्रा, चेन अर्धी लावली. मुंडकं बाहेर. आणि सुटले!

आमची गल्ली म्हणजे घसरगुंडी. बॅग पुढं, मी मागं, माझ्या मागं स्लिपर फटफटवत सासूबाई. बुन्युएलोला वाटलं जत्राच आहे, जीभ बाहेर काढून भुंकतोय.

कोपऱ्यावरचे एव्हेलियो दारात खुर्ची टाकून बसलेले. "योलीमा! अगं बाराला आठ तास आहेत! एवढी घाई? स्पेनला निघालीस की काय?"

"द्राक्षं खाल्लीत त्यानं! बाजूला व्हा!"

"खाऊ दे की, त्याला पण मागणं असेल!"

उत्तर द्यायला श्वास कुणाकडे होता! समोरची एक बाई तर आपली बॅग घेऊन आमच्यामागं धावायला लागली. तिला वाटलं, यंदा मुहूर्त बदललाय. दोन चौक आली बिचारी. मला हसू येत होतं आणि छाती फुटत होती, दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत बुन्युएलोनं मान खाली घातली आणि ओकायला लागला. आम्ही तिघी त्या ताटलीवर वाकलो. माझ्या आयुष्यात मी ओकारीकडे इतक्या प्रेमानं पाहिलं नसेल.

"सात... आठ..." डॉक्टर चिमट्यानं मोजत होत्या. सगळी जवळजवळ अख्खीच होती. मेला चावतसुद्धा नाही! "दहा. अकरा."

आम्ही थांबलो. त्यानं उचकी दिली, पण बाहेर काही आलं नाही.

"बारावं कुठंय?" मी ओरडले. "ये ना बाहेर!"

"ते मी खाल्लं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"बारावं मी खाल्लं. अकरा मागणी त्याची मागून झाली. शेवटचं माझं."

मी टाळीच वाजवली! डॉक्टर मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "वेळेत आणलंत. दोन-तीन दिवस सलाईन आणि रक्ताची तपासणी करावी लागेल. पण सगळी बाहेर आलीत, मला काळजी वाटत नाही." मी त्यांना मिठी मारली, मग सासूबाईंना, मग कुत्र्यालासुद्धा. तो चावला. चावू दे मेल्याला!

सासूबाई मात्र हसेनात. भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आई, झालं ना आता? वाचला तो."

"माझ्या मागण्यानंच झालं हे," त्या म्हणाल्या. "मी मागितलं, की देवा, ह्याला माझ्याआधी ने. फक्त एक दिवस आधी. मी अठ्ठ्याहत्तरची, तो चारचा. मी गेल्यावर त्याला कोण बघणार? म्हणून मागितलं गं. आजच ने, असं नव्हतं म्हटलं मी."

आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मला रागच आला. इतकी वर्षं एका छताखाली राहून ह्या बाईनं हा प्रश्न देवाला विचारला, मला नाही!

"कोण बघणार म्हणजे?" मी कडाडले. "मी काय मेलेय?"