कोठारातला पॉइंट

वशरामभाईंच्या नव्या घराच्या भिंतींना अजून प्लास्टर व्हायचं होतं, आणि त्याआधी फोन-इंटरनेटच्या वायरींचे पाईप भिंतीत गाडायला हनीफभाई आला होता. वशरामभाई पुढं चालत हुकूम सोडत होते. हनीफभाई मागून खडूनं एक आडवी, एक उभी रेघ मारून फुल्या करत होता.

"हॉलमध्ये एक. ही मोठ्याची खोली, इथं एक. ही धाकट्याची, इथं एक. संपलं."

मोठा मुलगा सुरतेला, धाकटा राजकोटला. दिवाळीला आले तर आले. पण खोल्या त्यांच्या, त्यात वाद नाही.

मुलगी भाविशा मागे उभी होती. "पप्पा, कोठारात पण एक लागेल."

"गव्हाला इंटरनेट कशाला गं?"

हनीफभाई हसला. भाविशा हसली नाही. दिवाळीनंतर ती सासर सोडून आली होती, आणि आता बाजारात केसर आंबा आला होता. जेतपूरच्या साड्या छापणाऱ्या कारखान्यासाठी ती कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. नव्या घरात तिला खोली कुणी दिलीच नव्हती, म्हणून तिनं खिडकी बघून कोठार धरलं होतं.

"बिनवायरीचं चालत नाही का रे?"

"काका, भिंती किल्ल्यासारख्या दगडी बांधल्यात तुम्ही. कोठारापर्यंत काही पोचायचं नाही. आणि भाविशाबेनच्या फाईली जड. पाईप आत्ता टाकला तर टाकला, नंतर प्लास्टर फोडावं लागेल."

"थोड्या दिवसांसाठी कशाला भिंत खणायची? राहू दे."

बाजारात कुणी विचारलं तर वशरामभाई हेच सांगत, "आलीय थोडे दिवस." झाकली मूठ सव्वा लाखाची. जावयाचा हात तिच्यावर उठत होता हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी अंथरलेली चटई उद्या गुंडाळता येते, भिंतीत गेलेला पाईप तसा उचलता येत नाही. पाईप घातला की पोर परत जायची नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केल्यासारखं होणार होतं. त्यांना त्याचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफभाई छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि नुसताच उभा राहिला. प्रत्येक फुलीला कुंकवाच्या चार शेपट्या फुटून तिचं स्वस्तिक झालं होतं, इकडच्या बोलीत साथिया.

"नव्या घराच्या भिंतीवर फुल्या?" वशरामभाईंची बायको लाभुबेन म्हणाली. "असला अपशकुन मी नाही ठेवून घेणार."

"पण बा, आता यावर छिन्नी कशी मारू? हात नाही होत." लाभुबेनला हनीफभाईसुद्धा घरच्यांसारखं बा, म्हणजे आई, म्हणायचा.

"मार रे. विहिरीलासुद्धा आधी कुंकू आणि मगच कुदळ."

वशरामभाई स्वस्तिकं तपासत निघाले. हॉल, मोठ्याची खोली, धाकट्याची खोली. मग कोठारात शिरले, तर खिडकीशेजारी चौथं. चांगलं ठसठशीत, वर अक्षता चिकटवलेल्या.

"इथं फुली नव्हती."

"नसेल," लाभुबेन म्हणाली. "आता साथिया आहे."

"पूस तो."

"तुम्ही पुसा. घरात साथियाला कुणी बोळा लावत नाही, ते माहीत होतं म्हणूनच काढला. पण पुसायचाच असला तर तिच्यादेखत पुसा." वशरामभाईंनी खिशातून रुमाल काढला, तशी तिनं हाक मारली, "भाविशाऽ!"

भाविशा आली. भिंतीवरचं स्वस्तिक आणि बापाच्या हातातला रुमाल पाहून तिला सगळं कळलं. "राहू दे बा," ती म्हणाली. "पप्पांना नको तर नको. मी जेतपुरात खोली बघते."

ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. आत येऊ का, असं विचारत असल्यासारखी. हीच पोर लहानपणी या बापाच्या ताटातली भाकरी न विचारता ओढून घ्यायची. आपल्याच घरात हिला असं उभं राहायला कुणी शिकवलं, हे वशरामभाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी रुमाल खिशात घातला. "हनीफ, इथं पॉइंट नको."

लाभुबेनचा चेहरा पडला.

"हा साथिया गव्हाला राहू दे. कोठारात काय माणूस राहतं? मोठ्याच्या खोलीत दोन पॉइंट कर. ती खोली भाविशाची."

"थोड्या दिवसांसाठी?" लाभुबेननं टोमणा मारायची संधी सोडली नाही.

"कायमची." हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. एकदा निघाल्यावर तो त्यांना वाटला होता तेवढा जड लागला नाही.

"आणि मोठा दिवाळीला आला म्हणजे?"

"येऊ दे की. पाहुण्याला हॉल पुरतो."

भाविशा हनीफभाईला टेबल कुठं येईल ते सांगायला त्या खोलीत गेली. या वेळी ती उंबऱ्यावर थांबली नाही.