थांब म्हटलं की बसायचं

पुंडलिकला धीर म्हणून नव्हता. तव्यावरची भाकर तो कच्चीच ओढायचा आणि मग पोट धरून बसायचा. भिलाईला कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, त्या वर्षी तो बायको-पोरीसकट तुमसरकडून आला आणि माल उतरवायच्या यार्डात शंटिंगला, म्हणजे मालगाडीच्या वाघिणी इंजिनानं ढकलून हलवायच्या कामाला लागला. रुळाच्या दोन्ही बाजूंना बघायचं, मग इंजिनाला हिरवी झेंडी दाखवायची. पुंडलिक एकाच बाजूला बघे. मुकादम भाऊराव रोज ओरडायचा, "अबे पुंडल्या, झेंडीच्या आंधी मुंडी हालव!"

आणि असल्या माणसानं कुत्र्याला धीर शिकवला! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. कुत्र्याचं नाव भुऱ्या. भाकरीचा तुकडा पुढ्यात टाकून पुंडलिक म्हणे, "थांब!" भुऱ्या बूड टेकून बसे. लाळ टपटप गळे, पण "घे" ऐकल्याशिवाय तुकड्याला तोंड लावत नसे. शेजारी सहा वर्षांची जया मांडी ठोकून बसायची. तिच्याही पुढ्यात तुकडा, आणि डोळे बापाच्या तोंडावर. जो आधी हलेल तो हरला. जया कधीच हरली नाही.

"पोरगी न् कुत्रं, दोघंबी तुमच्याहून शायने हायेत," त्याची बायको मनकर्णा म्हणायची. "पण हे भुऱ्या खारीमागं धावलं का कोनाचंच आयकत नाही. तवा कुटं जाते तुमचं थांब?"

"शिकून रायला थो. शिकन."

तो कसला शिकतोय! बसल्या जागी वाट बघणं निराळं आणि सुटलेली धाव आवरणं निराळं. जनावराला एक येतं म्हणून दुसरं येईल असं नाही, माणसालाही नाही. आपण मात्र दोन्हींना एकच शब्द वापरतो.

चैत्रातली दुपार होती. मनकर्णाला ताप होता, म्हणून डबा घेऊन जया निघाली. दुसऱ्या हातात भुऱ्याची दोरी. यार्डात सळयांनी भरलेल्या चार वाघिणी ढकलायच्या होत्या. पुंडलिकच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यानं डावीकडे बघितलं, रूळ मोकळा दिसला, झेंडी दाखवली. इंजिनानं धक्का दिला आणि वाघिणी आपल्या वेगानं घरंगळत निघाल्या.

मग त्यानं उजवीकडे बघितलं. रुळापलीकडे भुऱ्याला मुंगूस दिसलं होतं. तो उधळला होता आणि दोरीला धरून जया हसत मागे धावत होती, थेट रुळांवर. आणखी दोन पावलं टाकली असती तर ती पलीकडे गेली असती.

विचार करायच्या आत पुंडलिकचं तोंड उघडलं. कुत्र्यावरच ओरडला तो.

"थांब!"

भुऱ्यानं ऐकलं नाही. दोरी सुटली, तो पलीकडे गेला.

जयानं ऐकलं. दोन रुळांच्या मधोमध तिनं मांडी ठोकली, डबा पुढ्यात ठेवला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पळ! जया, पळ!" पुंडलिक ओरडत धावला. खडखडाटात काही ऐकू गेलं नाही. त्याचे ओठ हलताना बघून ती हसली. तिला वाटलं, बाबा मुद्दाम हसवतोय, म्हणजे आपण हलू. हलायची नव्हती ती.

साहेबांनी चौकशी केली तेव्हा भाऊरावनं त्याची पाठ राखली. म्हणाला, पोरगी अचानक मधात आली. पुंडलिकनं घरी मात्र खरं ते सांगितलं. "मी उजवीकडं पायलं नाही. न् मंग वरडलो. वरडलो नसतो त ते गेली असती पलीकडं."

मनकर्णा रडली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं भाकर थापली आणि एक तुकडा भुऱ्यापुढे टाकला. भुऱ्या सवयीनं बसला. लाळ गळत होती. तो पुंडलिककडे बघत होता.

"म्हना त्याले घे," मनकर्णा म्हणाली. "उपाशी हाये थो."

पुंडलिकनं मान खाली घातली.

"जलमभर तुमाले दम निघाला नाही. आता कावून गप हाये तुमी?"

त्यानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. भुऱ्या दिवेलागणीपर्यंत तसाच बसून होता.