बाद क्रँककेस

अमोलला त्या दिवशी परीक्षेत पास झाल्यावर मिळणार होतं ते एवढंच: स्वतःच्या नंबराचा शिक्का. तो हातात आला की तपासनीस निरंजनच्या सहीवाचून काम पास करायचं, जमलं तर त्याच्या खुर्चीतच बसायचं. भरे गावातल्या त्या शेडखालची जमीन बापाची आणि पोरगा मात्र आत हेल्पर, हे बापाला, भिवाजीलाही, चारचौघांत जड जात होतं.

शेडमध्ये शिकाऊ वैमानिकांच्या विमानांची इंजिनं उघडून दुरुस्त करतात. अमोलच्या परीक्षेला आला क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच. त्याचे दोन अर्धे भाग डॉवेलवर, बोटाच्या पेराएवढ्या पोलादी खुंट्यांवर, एकमेकांत बसतात. झिजलेलं भोक ड्रिलनं वाढवायचं, मग रीमर हे धारदार हत्यार हातानं फिरवून नेमक्या मापाला आणायचं. रीमर बाहेर काढतानाही त्याच दिशेनं फिरवायचा, उलटा कधीच नाही. अमोलचा अडकला. त्यानं उलटा हिसका दिला. भोक ओरबाडलं, खुंटी ढिली पडली.

पण ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत वाढलेला गडी असा हरतो होय? त्यानं भोकाच्या काठावर पंचानं, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्यासारख्या हत्यारानं, टोले हाणून काठ आत दाबला. खुंटी गच्च! घरच्या ट्रॅक्टरवर ही युक्ती अजून टिकून होती.

तपासायला लातूरचा निरंजन भिंग घेऊन वाकला.

"हे टोले कुणाचे?"

"बसली ना खुंटी? हालवून दावा."

"विमान वर गेल्यावर आपोआप हलेल."

"तवा तुमी खालीच असाल की! पास करा, लातूरकर. जमीन आमची हाय."

"जमीन खालीच राहते, अमोल. बाद."

अमोलनं रीमर फिरवायचा लोखंडी दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात टेबलावर उडाले. निरंजन कोसळला तशा बरगड्यांत लाथा बसू लागल्या. "पास करतो का न्हाई?"

दारात उभा असलेला भिवाजी म्हणाला, "आरं, डोस्क्यावर नको." म्हणजे बाकी ठिकाणी त्याची हरकत नव्हती.

बाद भाग कुणी गुपचूप वापरू नये म्हणून तो फोडूनच टाकायचा, हा या धंद्याचा रिवाज. निरंजन रक्त थुंकत उठला. त्यानं घण घेतला. पहिल्या घावात कवचाचा कोपरा तुटला.

"न्हाई, न्हाई! दुसरं कोण देनार मला?" अमोलनं उजवा पंजा कवचावर पसरला.

निरंजनला पंजा दिसला. घण थांबवता आला असता. त्यानं थांबवला नाही. धातू आणि हाड एकाच आवाजात फुटलं.

भिवाजी धावला तो आत्ता. "आरं, पोरगं हाय माझं!"

कुणी काय किंमत भरली, ती अशी. अमोलची तीन बोटं गेली. निरंजनचे दात गेले, बरगडी मोडली, वर पंजा फोडल्याबद्दल तो आता कोठडीत आहे. भिवाजीच्या जमिनीवरच्या शेडला कुलूप लागलं. आणि जिनं त्या शेडचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, ती अमोलची आई रंभाबाई रोज सकाळी मिशीवाल्या पोराच्या शर्टाची बटणं लावते आणि त्याला घास भरवते.