एका दिवसाच्या नमिताबाई

बदलीवरच्या बाईला शाळेत नाव नसतं. असलं तरी कुणी घेत नाही. शिपाई विचारतो, "त्या बदलीच्या आल्या का?" मुलं ओरडतात, "आज बदलीवाली आहे रे, मज्जा!" आणि स्टाफरूममध्ये तिची खुर्ची म्हणजे जी कोणी रजेवर असेल तिची. नमिताने अशी कितीतरी वर्षं काढली होती, पनवेलपासून रबाळ्यापर्यंतच्या शाळांत. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या मणक्याचं ऑपरेशन, कुणाच्या दिराचं लग्न. लोकांच्या घरी काही घडलं की हिला काम मिळायचं. काम संपलं की 'बरंय मॅडम, गरज लागली तर फोन करू' आणि फोन काही यायचा नाही.

आता इतकी वर्षं दारोदार शिकवल्यावर माणसाची मतं तयार होणारच. नमिताची झाली होती, आणि चांगली टणक झाली होती. नोकरीत कायम झालेल्या बायका शिकवत नाहीत, नुसत्या निवृत्तीकडे डोळे लावून बसतात, असं ती घरी रोज म्हणायची. गावठाणातल्या मुलांबद्दल तर बोलायलाच नको, असं म्हणून ती पुष्कळ बोलायची. "बापाच्या चाळी आहेत, बिल्डरकडून फ्लॅट मिळालेत, यांना कशाला हवाय अभ्यास?" तिचा नवरा निखिल निमूट ऐकून घ्यायचा. खांदेश्वरला ते राहत तो फ्लॅट भाड्याचा, मालक जवळच्याच गावातला, आणि दर अकरा महिन्यांनी तो भाडं वाढवायला दारात उभा. हा राग नक्की कुणावरचा आहे ते निखिलला कळत होतं. पण तो शहाणा माणूस, चहा टाकायला उठायचा.

तर यंदा जूनपासून नमिता शिरवण्याजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होती. गणिताच्या श्रुतीबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्यांनी रजेवरूनच कळवलं, की नवऱ्याची बदली झाली, आता मी येत नाही. म्हणजे जागा रिकामी! नमिताला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी ती धीर करून मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिका जयमालाबाईंकडे गेली.

जयमालाबाई म्हणाल्या, "माझी हरकत नाही हो. पण शेवटचा शब्द संस्थेच्या रावसाहेबांचा. शिक्षक दिनाला ते येणार आहेत, वर्गांत बसून बघतात. मुलांनी तुम्हाला किती आपलं मानलंय ते त्यांच्या डोळ्यांना दिसू दे. पुढचं माझ्याकडे लागलं."

शिक्षक दिनाला दहावीची मुलं शाळा चालवतात, हे काही वेगळं सांगायला नको. मुली साड्या नेसतात, मुलगे बापाचा शर्ट इन करून येतात आणि प्रत्येकजण एकेका शिक्षकाचं सोंग घेतो. कोण कुठली बाई होणार यावरून आठवडाभर भांडाभांडी. पण बदलीवरच्या बाईचं सोंग कुणी घेत नाही. नमिताचं आजवर कुठल्याच शाळेत कुणी घेतलं नव्हतं. आणि यंदा कुणी घेतलं नाही, तर रावसाहेबांना काय दिसणार, कपाळ?

एक तारखेला मधल्या सुट्टीत दहावी ब मधली जागृती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. शिरवणे गावठाणातल्या, चाळी भाड्याने देणाऱ्या कुंदनशेठची मुलगी. उंच, वेणी घट्ट, मागच्या बाकावर बसणारी.

"बाई, मी तुमी होनार हाय. चालंल ना?"

नमिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. "अगं चालेल काय! होच तू."

"मग तुमचीच एक साडी द्या ना. म्हंजे एकदम खरं वाटंल."

नमिताने दुसऱ्या दिवशी आपली मोरपंखी नारायणपेठ इस्त्री करून आणून दिली. वर एक ब्रोच दिला. घरी निखिलला म्हणाली, "बघ, मागच्या बाकावरची पोरगी. मुलांना कळतं हं कोण जीव ओतून शिकवतं ते." निखिल म्हणाला, "छान झालं." त्यालाही मनापासून बरं वाटलं होतं.

शिक्षक दिन उजाडला. जागृतीला आठवीचा बीजगणिताचा तास दिला होता. मागच्या बाकावर रावसाहेब बसले, शेजारी जयमालाबाई, आणि कडेला नमिता, पदर सावरत. दारात दहावीची निम्मी पोरं बघायला लोटलेली.

जागृती आत आली आणि नमिताला आरशात बघतोय असं वाटलं. तीच साडी, तसाच खांद्यावर पिन केलेला पदर, पर्स टेबलावर आपटून ठेवायची तीच तऱ्हा. चष्मा नाकावर ओढून ती म्हणाली, "शांत! मी पाहुणी आहे म्हणून माझ्या डोक्यावर बसायचं नाही!" वर्गात हसू फुटलं. रावसाहेब हसले. नमिताही हसली, लाजली सुद्धा. बोली कुठल्या कुठे गेली होती पोरीची, अगदी खांदेश्वरच्या बाईसारखी बोलत होती.

मग तिने खडू घेतला आणि शिकवायला लागली. आणि काय शिकवलं हो! a अधिक b चा वर्ग तिने जमिनीचा चौकोन काढून, त्याचे तुकडे पाडून दाखवला. हा तुझा तुकडा, हा माझा, आणि हे दोन सारखे तुकडे दोघांच्या मधले. आठवीतल्या पोरांच्या माना आपोआप हलत होत्या. ही पद्धत नमिताची नव्हती. श्रुतीबाईंचीही नव्हती. ही त्या पोरीची स्वतःची होती. नमिता तोंडात बोट घालून बघत राहिली. ही मुलगी मागच्या बाकावर बसते? कशी काय?

तेवढ्यात खिडकीजवळच्या मितेशने हात वर केला. त्याला आधीच पढवलेलं असणार. "बाई, परत सांगा ना. नाय कळला."

जागृतीने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"कुठला रे तू? शिरवण्याचा ना? मग बस खाली. भाडं खायला बीजगणित लागत नाही. हे सगळं सोसायटीवाल्यांसाठी आहे, त्यांना नोकऱ्या करायच्यात. तुम्ही नुसते पास व्हा आणि मोकळे व्हा."

वर्गात असा काही हशा उठला की बाकं हादरली. शिरवण्याची पोरं तर टाळ्या पिटत होती, दारातून कुणीतरी ओरडलं, "सेम टू सेम!" मितेश हसत हसत खाली बसला.

नमिताचं हसू विरलं. मी? मी असं बोलते? कधी बोलले? ती आठवायला गेली आणि तिला नेमकी एक वेळ सापडेना, कारण वेळा पुष्कळ होत्या. जूनमध्ये. जुलैमध्ये चाचणीचे पेपर वाटताना. परवासुद्धा. दर वेळी शब्द हेच, आणि दर वेळी तिला वाटलं होतं आपण काहीच विशेष बोललो नाही. आता तेच शब्द तिच्याच साडीतून, तिच्याच आवाजात येत होते आणि तिला उठून पळून जावंसं वाटत होतं.

संपलं, तिने मनात म्हटलं. गेली नोकरी. तिने भीतभीत रावसाहेबांकडे पाहिलं.

रावसाहेब रुमालाने डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं त्यांना. "वा! वा! बाई रोखठोक दिसतात तुमच्या, जयमालाबाई. अहो, खरंच आहे ना ते. या लोकांना कुठे पडलंय शिक्षणाचं? असंच ठणकावून सांगणारं माणूस पाहिजे." नमिताकडे वळून ते म्हणाले, "उद्या ऑर्डर घेऊन जा. मुलांनी एवढं बारकाईने बघितलंय तुम्हाला, म्हणजे जीव आहे त्यांचा."

जयमालाबाईंनी तिचा हात दाबला. "झालं हो तुमचं काम!"

आता सांगा, इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं समोरून चालत आलं, आणि बाईला साधं 'थँक्यू' म्हणता येईना. कशीबशी मान हलवून ती बाहेर व्हरांड्यात आली. भिंतीला टेकून उभी राहिली. ज्या वाक्याने तोंड काळं व्हायला हवं होतं, त्याच वाक्यावर नोकरी मिळाली होती!

मागून साडीच्या निऱ्या मुठीत धरून जागृती धावत आली आणि वाकून पाया पडली. "बाई, बरोबर केला ना?"

नमिताचा सगळा राग तिच्यावर निघाला. "एवढ्या लोकांत माझी टिंगल केलीस? साडी दिली ती यासाठी?"

जागृतीचा चेहराच उतरला. "टिंगल? नाय बाई! देवाशपथ नाय. घरी आरशासमोर केवढी प्रॅक्टिस केली मी. तुमचा एक शब्द बदलला नाय."

ते तर नमितालाही दिसलं होतं. तिने आवाज उतरवला. मग म्हणाली, "मलाच का निवडलंस मग?"

"तुमी खरं बोलता म्हनून. बाकीच्या बाई आमाला तोंडावर गोड बोलतात आनि स्टाफरूममधे जाऊन हसतात. तुमी तोंडावर सांगता. मी घरी पप्पांना सांगितलं, बाई असं असं बोलल्या. पप्पा म्हनले, शिकलेली बाई हाय, विचार करूनच बोलली असंल. मग आमी अकरावीचं सोडूनच दिलं."

"सोडून दिलं म्हणजे?"

"म्हंजे दहावी झाली की मी पप्पांच्या ऑफिसात बसनार. भाडेकरूंचं बघायला." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मग साडीचा पदर नीट करत जरा हसली. "मना गनिताची बाई व्हायचा होता. लहानपनापासून. आता नाय व्हायचा, तर म्हटलं एक दिवस तरी होऊन बघू."

मघाचा फळ्यावरचा तो चौकोन नमिताच्या डोळ्यांसमोर आला. अरे देवा, हे मी काय करून बसले! पोरीला चार वाक्यांत घरी बसवली मी, आणि तिला वाटतंय मी तिचं भलं केलं.

"जागृती, ऐक. तुझे पप्पा आता कुठे आहेत?"

"घरी असतील. का?"

"मी येते तुझ्याबरोबर. आत्ता. मी सांगते त्यांना, की माझी चूक झाली. ते सगळं मी आपलं गमतीत बोलले होते. तुला अकरावीला घालायचंच."

जागृतीने तिच्याकडे बघितलं. रडली नाही, रागावली नाही. एखादं गणित सुटतंय का बघावं तसा थोडा वेळ विचार केला.

"या ना बाई. पप्पांना आनंद होईल, चहा करतील. पन त्यांना नाय पटनार." ती हळूच म्हणाली. "मी पन त्यांना तेच विचारलं होतं, दोन दिवस विचारत होते, की बाई मस्करी करत असतील का. ते म्हनले, तू आठवून सांग. मी लय आठवला बाई. पन तुमी हसला नव्हता."