सप्रेम भेट दिलेली टाकी

"माणसानं पाण्यावर कायमचा विजय मिळवला आहे!" असं भोरच्या जलविहार मंडळाचे चिटणीस आनंदराव वकील यांनी भाटघर धरणाच्या काठी जाहीर केलं. त्या वेळी मंडळाची मोटारलाँच दोन बैल लावून चिखलातून ओढणं चाललं होतं, आणि मागून रेटा देणाऱ्या मंडळाच्या चाकराचा, वेल्ह्याच्या रखमाजीचा, डावा जोडा त्या विजयात कायमचा रुतला होता.

लाँच जुनी. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं जाता जाता मंडळाच्या गळ्यात मारलेली. तिची पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली, तेव्हा आनंदरावांनी स्वखर्चानं गेनबा तांबटाकडून तांब्याची नवी करून घेतली. गेनबानं ती पाणी भरून दिवसभर तपासली. थेंब गळला नाही. पण भेट दिलेलं भांडं नावाशिवाय घराबाहेर पडतं कुठं? मग दर्शनी बाजूवर टिंबाला टिंब ठोकून नाव घातलं: 'आनंदराव यांजकडून जलविहार मंडळास सप्रेम भेट, शके १८५६'. नाव घातल्यावर पुन्हा तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. रखमाजीच्याही नाही.

लाँच कमरेएवढ्या पाण्यात तरंगू लागली. एंजिनाचं काम जाणणारा रखमाजी एकटाच, म्हणून तो लाँचच्या मागच्या, एंजिनाच्या खड्ड्यात उतरला. टाकी चौकटीवर बसवली, पट्टे अडकवले, नळी जोडली, दोन डबे पेट्रोल ओतलं. काठावर मंडळाचे सभासद सहकुटुंब ताटकळत होते.

पट्ट्याचा शेवटचा नट पिळताना त्याच्या मनगटावर थेंब पडला. गार. पाणी असं गार लागत नाही. त्यानं चाचपलं तर 'सप्रेम'मधून दुसरा थेंब येत होता. त्यानं तिथं बोट दाबलं. मग 'आनंदराव' पाझरू लागलं. तिथं दुसऱ्या हाताचा अंगठा. नावात टिंबं शेकड्यांनी होती आणि रखमाजीला बोटं दहाच. खड्ड्याच्या तळाशी आधीच बोटभर पेट्रोल साचलं होतं, वासानं डोळे चुरचुरत होते.

तेवढ्यात वर उजेड हलला. आनंदराव लाँचवर चढले होते, हातात पेटलेलं निरांजन, वाऱ्यापासून जपायला पुढं तळवा.

"रावसाहेब, दिवा नगं! मागं व्हा!"

"अरे, नवी वस्तू न ओवाळता चालू करायची?"

"हितं पेट्रोल हाय, रावसाहेब!"

"टाकीत पेट्रोल नाही तर काय ताक असणार?" काठाकडे बघत आनंदराव म्हणाले. काठ हसला. "आणि एंजिनाच्या पोटात काय जळतं? विस्तवच ना? विस्तवावर चालणाऱ्याला विस्तवाचं भय कसलं?"

कोर्टात हा मुद्दा बिनतोड ठरला असता. आनंदराव खड्ड्याच्या तोंडाशी आले.

रखमाजीला बाहेर पडायची वाट तेवढीच होती आणि तिच्यात वकील उभा होता. टाकी गळते म्हणावं, तर बसवली त्यानंच. तुमचं नाव गळतंय म्हणावं, तर उद्यापासून लाँच बंद आणि चाकरीही बंद. निरांजन आणखी वीतभर खाली आलं.

"रावसाहेब, तुमचं नाव गळतंय!"

"काय बोललास?"

आनंदराव नीट ऐकायला वाकले. ज्योतीही वाकली.

रखमाजीनं बोटं सोडली. पायाला जोर देऊन तो वर उसळला, दोन्ही हातांनी आनंदरावांच्या कमरेला विळखा घातला आणि बाजूच्या फळीवरून त्यांना घेऊन पाण्यात पडला. चर्र झालं. धूर निघाला. मग काहीच झालं नाही.

 आनंदराव पाण्यात उभे राहिले. पगडी नीरेच्या दिशेनं निघाली होती.

"चाकरी गेली समज," ते म्हणाले.

 रखमाजीनं लाँचमध्ये हात घातला, तळाशी बुडवला आणि ओली बोटं त्यांच्या नाकाशी धरली. आनंदरावांनी वास घेतला. मग फळीवरून आत वाकून पेट्रोल ठिबकणाऱ्या आपल्या नावाकडं बघितलं. 

"हे सगळं पेटलं असतं... माझ्यासकट?"

"आपन दोगंबी, रावसाहेब."

काठावरून कुणीतरी ओरडलं, "काय झालं हो?"

आनंदरावांनी घसा साफ केला. आता चिटणीस काय बोलतात म्हणून सगळे पुढं सरकले. पण ते रखमाजीच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले,

"रखमाजी, बुडी मारून तेवढं निरांजन काढून दे बाबा. देवघरातलं आहे. घरी विचारतील."