आमची चूक, असं लिहा

वकिलाने तीन खर्च सांगितले. व्हिसाच्या अपिलाची सरकारी फी किरकोळ निघाली, तेव्हा उझोमाकाला हायसं वाटलं. मग त्याने स्वतःची फी सांगितली, आणि तिच्या नवऱ्याने, डुबेमने, मांडीवरच्या बाळाला, सोम्तोला, उगाचच दुसऱ्या मांडीवर घेतलं. तिसरा खर्च वकिलाने चष्मा पुसता पुसता, जाता जाता सांगितला. निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. पासपोर्ट नुसता परत मागितला तरी अपील मागे घेतलं असं धरतात, आणि मग तिघांनीही सामान बांधायचं.

तिचे बाबा इस्टरच्या आधीपासून मायदेशी, न्नेवीच्या शवागारात होते. घरातली थोरली लेक, म्हणजे आदा, आल्याशिवाय त्यांच्या गावात बापाला माती देत नाहीत. तिच्यासाठी काकाने तारीख दोनदा पुढे ढकलली होती.

आणि हे सगळं कशापायी? उझोमाका बर्मिंगहॅमला शिकली, पहिल्या श्रेणीत पास झाली. शिकून झाल्यावर दोन वर्षं काम करायचा व्हिसा मिळतो, त्याचा अर्ज करायचा होता. पोरगी पास झाली एवढं एक वाक्य विद्यापीठाने व्हिसावाल्यांना कळवायचं होतं. "कळवलंय, करा तुम्ही अर्ज," असं विद्यापीठाच्या मदत कक्षात खिडकीवरच्या बाईने हसून सांगितलं. कळवलं नव्हतं. व्हिसाला नकार आल्यावर कळवलं. आता वकील म्हणत होता, विद्यापीठाने उशीर कबूल केल्याचं लेखी आणा, मग काही आशा आहे. तिने ईमेल करकरून बोटं झिजवली. प्रत्येक उत्तरात तिच्या भावनांचा आदर केलेला असायचा, बाकी काही नसायचं.

घरी डुबेम म्हणाला, "जायचं की राहायचं, तू ठरव. मी काही म्हणणार नाही."

"वा," ती म्हणाली. "काही न बोलल्याचं पुण्य तुला, आणि ठरवल्याचं पाप माझ्या डोक्यावर."

तो भांडी घासायला उठला. त्याच्या त्या वाकलेल्या पाठीचाही तिला राग आला, आणि मग राग आल्याचा राग आला. पाठ तिच्याइतकीच दमलेली होती.

काका रोज घरच्या ग्रुपवर शवागाराचं बिल टाकत होता. खाली एक ओळ: इंग्लंडची हवा लागली की बाप विसरतो म्हणे माणूस. उझोमाकाने उत्तर लिहायला घेतलं की ते इतकं लांबायचं, की सोम्तो रडेपर्यंत संपायचंच नाही.

मग नवाकाएगो आत्याचा फोन आला. आत्या उमुआदांची म्होरकी. उमुआदा म्हणजे त्या कुळाच्या लेकी. लग्न होऊन कुठेही गेल्या तरी माहेरच्या मयताला त्या परत येतात, आणि त्यांच्या शब्दापुढे कुळातल्या पुरुषांचं काही चालत नाही. मागून जनरेटर धडधडत होता. आत्या मायेने सांगत होती, की काकाला आता परस्पर उरकायचंय, पण आम्ही सगळ्या जणी जाऊन शवागाराच्या दारात बसलोय. आमच्या आदाशिवाय पेटी हलू द्यायची नाही.

हा तिचाच मान होता. त्या मानापायी बाबा तिथे गारठ्यात पडून होते.

"आत्या, दार सोडा."

"काय म्हणालीस?"

"मी येत नाही. बाबांना घरी न्या."

किती दिवस हे वाक्य तिने घशाखाली दाबून धरलं होतं. बाहेर पडलं तेव्हा अगदी साधं वाटलं, दूध आण म्हणावं तसं.

"कुणी अडवलंय तुला?" आत्याने विचारलं.

उझोमाकाने सगळं सांगितलं. खिडकीवरची बाई, ईमेल, आदर.

"लिहीत काय बसलीस? लेक आहेस ना तू या कुळाची? त्यांच्या दारात जाऊन बस. उठू नकोस."

"इथे असं चालत नाही, आत्या."

"इथे तरी कुठे चालतं? आम्ही बसलो की चालायला लागतं."

आत्याने दार सोडलं, माती शुक्रवारी ठरली. त्या सकाळी उझोमाकाने उमुआदांनी मयतासाठी निवडलेलं दाट जांभळ्या रंगाचं कापड नेसलं. चुलत बहिणीने ते तिच्यासाठी आधीच पाठवलं होतं. डोक्याला त्याचंच फडकं, पाठीला बांधून सोम्तो. ती विद्यापीठाच्या मदत कक्षात गेली आणि खिडकीसमोर बसली.

वेळ घेतलीय का, असं त्याच बाईने विचारलं. नाही म्हटल्यावर उद्या या म्हणाली. उझोमाका बसूनच राहिली. सोम्तोला तिने थर्मासमधली मक्याची पातळ खीर भरवली. मग हलक्या आवाजात गाऊ लागली. गावाकडे उमुआदा ज्याच्या दारात बसतात त्याचे एकेक अपराध गाण्यात मोजतात. तिनेही मोजले, तिच्या भाषेत, तिच्या चालीत. सोम्तोने टाळ्या वाजवल्या. पहारेकरी आला, बाळाकडे बघून परत गेला. तिच्याच देशातली, इबादानची एक मुलगी बोल ओळखून शेजारी येऊन बसली आणि ध्रुवपद धरू लागली.

दुपारी आतून साहेब आले, हातात पत्र. 'प्रशासकीय कारणांमुळे माहिती पोचण्यास विलंब झाला.'

तिने वाचलं आणि परत दिलं. "कुणामुळे?"

"अर्थ तोच होतो, मॅडम."

"अर्थ मला कळतो. व्हिसावाल्यांना कळला पाहिजे. आमची चूक, असं लिहा."

"झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खरंच..."

"माझ्या बाबांना आत्ता मातीत ठेवतायत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी रांगेतल्या पोरांनी माना वळवल्या. "गैरसोय म्हणू नका त्याला."

साहेब आत गेले. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. चुलत बहीण खड्ड्याच्या काठावरून व्हिडिओवर दाखवत होती. लाल माती, पांढरी पेटी, जांभळ्या कापडातल्या बाया. आत्याने मूठभर माती उचलली, फोनकडे बघून मोठ्याने सांगितलं, ही आदाच्या हातची, आणि मूठ उघडली.

साहेब दुसरा कागद घेऊन बाहेर आले. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं.

"थांबा," उझोमाका मान वर न करता म्हणाली.

दुसरी मूठ पडली, तिसरी पडली. साहेब कागद धरून उभे राहिले.