कोऱ्या पानांची प्रत

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. माझ्या अंगावर कंपनीचे नाव भलतेच काहीतरी होते, पण ते केव्हाच पुसले गेले आणि लोकांनी त्याची कधी पर्वाही केली नाही. आता माझा मुक्काम दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. डोक्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा, एक बंद पडलेला पंखा आणि रंगाचा वाळलेला डबा असा संसार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट माझ्या पोटात अडकून बसली आहे. कागद अडकला तर झाकण उघडून काढता येतो. ही तशी निघत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी माझ्या काचेवर आपला तळहात ठेवून पहिली प्रत काढली. हातावरची रेघ न् रेघ उमटली. "हे चांगलं निघालंय," त्या म्हणाल्या आणि मी हरखून गेले. पहिल्या कौतुकाची चव काही औरच असते.

तिथून मी आले ते थेट काकांच्या दुकानात. काका कोणाचे सख्खे काका नव्हते, पण अख्खी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. दुकानासमोर नागरिकत्वाचे सरकारी कार्यालय होते. दुसऱ्या देशातून येऊन इथे कष्टाने घर उभे केलेली माणसे तिथे अर्ज करायला यायची आणि आधी माझ्याकडे. अर्जाच्या अटी काकांनी एका कागदावर लिहून माझ्याच कुशीला चिकटवल्या होत्या. सलग सात वर्षे इथे राहिलेला हवा. मधे फार दिवस देशाबाहेर गेला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. इथली भाषा लिहितावाचता यायला हवी, पोलिसांचा दाखला हवा, नोकरीचा पुरावा हवा, ओळखणाऱ्या दोन नागरिकांच्या सह्या हव्यात आणि पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती हव्यात. अठरा वर्षांखालचे मूल आईबापाच्या अर्जातच बसते. अठरा पूर्ण झाली की त्याची वाट वेगळी.

एवढी कागदपत्रे गोळा करता करता माणसांच्या नाकी नऊ यायचे. काका त्यांना स्टुलावर बसवायचे, पाणी द्यायचे, फॉर्म समजावून सांगायचे. मीही दिवसभर राबत होते. गरम व्हायचे, खडखडायचे, पण प्रत स्वच्छ द्यायचे. त्या दिवसांचा मला अजून अभिमान आहे.

या लोकांत एक लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. बायको वारलेली, घरात तो आणि त्याची मुलगी. हाताला ग्रीस लागलेले असायचे म्हणून तो कागद नेहमी कडेला चिमटीत धरायचा. काका त्याला बघितले की विचारायचे, "काय रे, कितव्या मजल्यावर आली तुझी लिफ्ट?" तो हसून म्हणायचा, "पाचव्यावर आहे काका. दोनच राहिले." म्हणजे पाच वर्षे झाली, दोन उरली.

सहाव्या वर्षी त्याची आई तिकडे गावी वारली. तो गेला नाही. जायचे, सगळे उरकायचे आणि परत यायचे तर ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस लागणार होते. मग सहा वर्षे पाण्यात गेली असती, आणि मुलीच्या अठराव्या वाढदिवसाआधी ती पुन्हा भरून निघाली नसती. त्या दिवशी तो माझ्याजवळच्या स्टुलावर बराच वेळ बसला होता. प्रत काढायला त्याच्याकडे एकही कागद नव्हता.

सात वर्षे पूर्ण झाली तेव्हा मुलगी सव्वासतरा वर्षांची होती. त्याने दोन सह्यांपैकी एक काकांचीच घेतली. मग जेवणाच्या सुट्टीत पासपोर्ट आणि बाकीची कागदपत्रे काकांच्या हवाली करून तो कामावर पळाला. संध्याकाळी येऊन पाकीट नेतो म्हणाला.

मित्रांनो, तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळपासून गर्दी होती. मी तीनदा कागद गिळून बसले होते आणि माझी काळी पावडर संपत आली होती. काकांनी त्याच्या पासपोर्टची पहिली चार पाने काढली. त्यात फोटो होता, पत्ता होता आणि सात वर्षांपूर्वी इथे उतरल्याचा एकुलता एक शिक्का होता. पुढची बत्तीस पाने कोरी होती. दोन-दोन धरली तरी सोळा कागद. काकांनी पाने चाळली, माझ्या गरम पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दमलं बिचारं. कोऱ्या पानांत काय बघायचंय त्यांना?" याआधीही त्यांनी दोघाचौघांची कोरी पाने अशीच गाळली होती आणि कार्यालयाच्या खिडकीवर ते चालून गेले होते. त्यांनी पासपोर्ट मिटला. खरे सांगू? मला बरेच वाटले. सोळा कागद वाचले म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

अर्ज आत गेला. नऊ महिन्यांनी परत आला.

कार्यालयात आता नव्या बाई बसल्या होत्या आणि त्या नियमाला चिकटून होत्या. पत्रात लिहिले होते, पासपोर्टची बत्तीस पाने नाहीत, त्यामुळे अर्जदार मधल्या काळात देशाबाहेर गेला नव्हता याची खात्री करता येत नाही, अर्ज पुन्हा करावा. जी पाने कोरी राहावीत म्हणून त्याने आईचे शेवटचे तोंडही पाहिले नाही, नेमकी तीच पाने आम्ही गाळली होती. आणि तीन आठवड्यांपूर्वीच मुलीला अठरा पूर्ण झाली होती. आता बापाचा अर्ज नव्याने जाणार होता, पण त्यात तिला जागा नव्हती. तिने स्वतःचा करायचा आणि तिची सात वर्षे अठरापासून मोजायची.

मेकॅनिक पत्र घेऊन दुकानात आला. काकांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "चूक माझीच आहे काका. पाकीट नेलं त्या दिवशी मी ते घेऊनच लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. तिथेच पानं गळाली असणार. एवढं साधं काम मला जमलं नाही."

मी काकांकडे पाहत होते. त्यांना एकच वाक्य बोलायचे होते. काकांनी पत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी."

मग त्यांनी सगळी पाने काढली. बत्तीस कोरी पाने माझ्या काचेवरून गेली. दोन कागद तिरके आले. ते त्यांनी फाडून पुन्हा काढले.

दीड वर्षाने मेकॅनिकला नागरिकत्व मिळाले. शपथ घेताना मुलगी पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होती, असे कुणीतरी काकांना सांगितले. तो स्वतः पेढे-बिढे काही घेऊन आला नाही. काकांनीही पूर्वीसारखी थट्टा केली नाही. चार दिवसांनी मुलगीच आली. तिला आपल्या राहण्याच्या परवान्यासाठी प्रती हव्या होत्या. काका म्हणाले, बाबांना पाठवायचं होतंस, त्यांना सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "बाबा आता माझ्या कागदांना हात लावत नाहीत. म्हणतात, माझ्या हातात देऊ नकोस, मी घालवीन."

काकांनी तिचे कागद बाजूला ठेवले. मग त्यांनी तिला सगळे सांगितले. सोळा कागद, माझी पावडर, दमलेले मशीन, काही लपवले नाही. ती म्हणाली, "हे मला नका सांगू काका. त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला बोलावून घेतले आणि माझ्यासमोरच सांगितले. तो रागावेल असे मला वाटले होते. तो रागावला नाही. त्याने हात पुसले, उगाचच, कारण त्या दिवशी ते स्वच्छ होते.

"पानांचं मी विसरलो असतो काका," तो म्हणाला. "चूक कुणाच्याही हातून होते. पण दीड वर्ष मी पोरीच्या डोळ्याला डोळा दिला नाही."

तो गेला, आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. काकांनी त्यानंतर कोणाचेही कोरे पान सोडले नाही, पण त्यांचे लक्ष कामात राहिले नाही. वर्षभरात नवे मशीन आले आणि मला मागे ढकलले गेले.

मित्रांनो, आमची काच पुसा, पावडर वेळेवर भरा, दमलो तर थोडे थांबू द्या, एवढी निगा कोणत्याही यंत्राची राखा. पण यंत्राची दया आली म्हणून माणसाचे काम अर्धे सोडू नका. आणि हातून चूक झालीच, तर समोरचा ती स्वतःच्या माथी घेऊन घरी जाण्याआधी सांगून टाका. त्या दिवशी मला बोलता येत नव्हते. काकांना येत होते.